पाच टनांचे गणित

माझ्या घरात एक पितळी बिल्ला आहे. त्यावरचा आकडा घासून घासून पुसट झाला आहे. आजोबा कुर्डुवाडी स्टेशनवर हमाल होते, हा त्यांचा बिल्ला. छोट्या गाडीच्या डब्यातून कापसाची गाठ उतरवायची, फलाट ओलांडायचा आणि ती मोठ्या गाडीच्या डब्यात चढवायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. दोन गाड्यांच्या रुळांतल्या अंतरात फरक होता, म्हणून आमच्या घरात चूल पेटत होती. हे वाक्य मी बऱ्याच उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर, पहिल्यांदा मनाशी म्हटले, आणि तेव्हापासून ‘बार्शी लाईट’चा इतिहास माझ्या मागे लागला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर बार्शीतल्या एका आडत दुकानात हिशेब लिहायला बसलो, तो वीस वर्षे तिथेच होतो. वाचन केले ते नगर वाचनालयात, जुन्या गॅझेटिअरांतून आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांतून. त्यामुळे या लेखात विद्वत्ता कमी आणि हिशेब जास्त सापडेल. पण रेल्वे हे मुळात हिशेबाचेच प्रकरण आहे. ती कुठे जाते, कुठे जात नाही, किती रुंद असते, हे सगळे कुणीतरी पैशाच्या आणि वजनाच्या वहीत आधी मांडलेले असते.

एकवीस मैलांचे अंतर

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पुणे, दौंड करत १८६० साली सोलापूरला पोचली. ती भीमेच्या खोऱ्यातून गेली, पण बार्शीला आली नाही. बार्शी तेव्हाही मोठी पेठ होती. सोलापूर जिल्ह्याच्या या टोकाला तीन बाजूंनी निजामाचा मुलूख भिडलेला. बालाघाटाच्या पलीकडून, तेरणा-मांजरेच्या खोऱ्यातून कापूस, करडई, जवस, तूर सारे बैलगाड्यांनी घाट उतरून बार्शीत यायचे. इथे सौदा व्हायचा आणि माल पुन्हा गाड्यांत भरून रेल्वेकडे निघायचा. ते स्टेशन बार्शीपासून एकवीस मैलांवर, म्हणजे सुमारे चौतीस किलोमीटरवर होते. त्याला नाव दिले गेले बार्शी रोड. आजचे कुर्डुवाडी ते हेच.

ज्या गावात रेल्वे नाही त्या गावाचे नाव स्टेशनला देऊन पुढे ‘रोड’ जोडायचे, ही त्या काळातली रीतच होती. लातूर रोड, जत रोड, कळंब रोड ही सगळी त्याच घराण्यातली नावे. या ‘रोड’ शब्दात बैलांचे किती श्रम दडले आहेत, ते हुंडेकऱ्याला विचारावे. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. चौतीस किलोमीटरला दोन दिवस लागले तर ते लवकर झाले म्हणायचे. मुंबईपर्यंतच्या साऱ्या प्रवासात हा पहिला तुकडाच सर्वांत बेभरवशाचा होता.

एक इंग्रज आणि त्याचा हट्ट

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा १८५७ साली जन्मलेला इंग्रज अभियंता १८८२ साली जी.आय.पी. रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या स्वस्त, हलक्या रेल्वेचा विचार त्याच्या डोक्यात इथेच पक्का झाला, आणि बार्शीचे एकवीस मैल त्याच्या नजरेत भरले. मात्र प्रस्तावापासून कंपनी उभी राहीपर्यंत बरीच वर्षे गेली. सरकारला रुळांची नवनवी मापे नको होती. रुंद माप होते, १८७० नंतर मीटर माप आले होते. त्यात आणखी अरुंद माप कशाला, हा प्रश्न चुकीचा नव्हता. अखेर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली. रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शेजारच्या मोठ्या मार्गाचे अंतर साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी गावोगावच्या व्याख्यानमालांतून या विषयावर बोलतो. पहिली सहा-सात वर्षे मी ठासून सांगत असे की इंग्रजांनी आपल्याला खेळण्यातली गाडी दिली, पैसे वाचवले, आपल्या माथी कमी दर्जाची वस्तू मारली. टाळ्या पडत. पुढे कॅलथ्रॉपच्या रचनेची तांत्रिक माहिती मी जुळवून वाचली आणि माझ्या लक्षात आले की मी या माणसाचे गणितच समजून घेतले नव्हते.

ते गणित असे. रेल्वेचा रस्ता किती भक्कम बांधावा लागतो, हे गाडीचे एकूण वजन ठरवत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, जास्तीत जास्त किती भार येतो, त्यावरून ते ठरते. पूल, रूळ, खालची खडी सगळे त्या सर्वांत जड आसासाठी बांधावे लागते. साधारणपणे तो आस इंजिनाचा असतो. मग होते काय, तर एका इंजिनासाठी सगळा मार्ग भारी बांधायचा आणि त्यावरून हलके डबे चालवायचे. म्हणजे एका पाहुण्यासाठी घराचे सगळे दरवाजे उंच करून घ्यायचे.

कॅलथ्रॉपने हे उलटवले. त्याने ठरवले की या मार्गावर कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही, मग तो आस इंजिनाचा असो वा मालडब्याचा. इंजिनाचे वजन जास्त आसांवर पसरवायचे. लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना चालक चाकांच्या चार जोड्या आणि मागे आधाराच्या दोन जोड्या होत्या, त्या म्हणूनच. आणि इंजिनाच्या आसाला जेवढे चालते तेवढे डब्याच्या आसालाही चालते, तर डबाही तेवढाच भरायचा. चार आसांचा डबा म्हणजे भरलेल्या स्थितीत वीस टनांपर्यंत. त्यात डब्याचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका माल जास्त. त्यासाठी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे हलके सांगाडे वापरले. सगळे मालडबे एकाच लांबीच्या, पंचवीस फुटी सांगाड्यावर उभे केले. रूळ लागले यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला सुमारे पंधरा किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात. ही सारी सामग्री जहाजात चढण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून तज्ज्ञांना चालवून दाखवण्यात आली. बार्शीची गाडी बार्शीला येण्याआधी इंग्लंडात धावली होती.

आडत दुकानात बसलेल्या माणसाला हे गणित पटकन कळते. पोते किती मोठे हा प्रश्न नसतो, पोत्यात बारदान किती आणि माल किती हा प्रश्न असतो. कॅलथ्रॉपने बारदान कमी केले होते. खेळण्यातल्या गाडीचे माझे भाषण मी त्या दिवसापासून बंद केले. तो परोपकारी होता असे मात्र मी म्हणणार नाही. कंपनी लंडनची होती, नफा भागधारकांचा होता. पण गरीब मुलखाला परवडेल इतक्या खर्चात पुरेशी रेल्वे कशी द्यावी, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्याने काढले होते.

दुष्काळात आलेली गाडी

१८९७ हे वर्ष आपल्याकडे रेल्वेसाठी लक्षात राहण्यासारखे नाही, ते दुष्काळासाठी लक्षात राहते. १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला फार जड गेला. त्या काळात रेल्वेवर दोन बाजूंनी वाद होत होता. १८८० च्या दुष्काळ आयोगाचे म्हणणे, रेल्वे वाढवा, म्हणजे टंचाईच्या भागात धान्य पोचेल. ग. व्यं. जोशी, दादाभाई नवरोजी यांच्यासारख्या अर्थचिंतकांना रेल्वेवर होणाऱ्या खर्चाबद्दल शंका होत्या. तोच पैसा पाटबंधाऱ्यांवर आणि देशी उद्योगांवर का घालत नाही, असा सवाल होता. रूळ धान्य आणतात तसे घेऊनही जातात, हे बार्शीच्या पेठेला वेगळे सांगायची गरज नव्हती. हा वाद मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. लेखाच्या शेवटी तो वेगळ्या रूपात परत येणार आहे.

मार्ग मात्र वाढत गेला. १९०६ मध्ये बार्शी रोडपासून दुसरी फांदी पंढरपूरला गेली. पूर्वेकडची फांदी १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. बार्शीहून पुढे जाताना गाडी रामलिंगाच्या घाटाने बालाघाट चढायची. खाली भीमा-सीनेचे खोरे, वर गेल्यावर तेरणा-मांजरेचे. पुढे १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, कवठेमहांकाळमार्गे मिरज गाठले गेले. आता कृष्णेचे खोरेही जोडले गेले. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. कॅलथ्रॉप त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात वारला.

या मार्गाने काय केले, हे एकेका गावाच्या नावाने सांगता येते. लातूर निजामाच्या राज्यातले गाव, पण त्याचा माल आता थेट मुंबईच्या बाजाराकडे जाऊ लागला आणि लातूरची पेठ बार्शीच्या बरोबरीला आली. म्हणजे बार्शीसाठी आलेल्या गाडीनेच बार्शीची मक्तेदारी मोडली. पंढरपुरात यात्रेच्या दिवसांत प्रवासी डबे पुरत नसत, मालडब्यांतूनही माणसे नेली जात. आमची आजी सांगायची, जाताना पायी, येताना बार्शी लाईट. पायी वारीचे पुण्य परतीच्या तिकिटाने कमी होत नाही, असे तिचे मत होते. कसबे तडवळे या मार्गावरच्या गावी १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. निजामाच्या हद्दीतले ते गाव. अशा आडगावाचे नाव इतिहासात येते तेव्हा त्या गावाच्या वाटाही पाहाव्यात, असे मला वाटते.

दुसरे खोरे

कॅलथ्रॉपचे नाव आणखी एका ग्रामीण खोऱ्याशी जोडलेले आहे, आणि ती तुलना मला फार शिकवून गेली. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात १९०४ मध्ये त्याच अडीच फुटी मापाची लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे सुरू झाली. अभियंता कॅलथ्रॉपच. इंजिने किटसनचीच, अवघी दोन, त्यांतल्या एकाचे नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. इंग्लंडच्या त्या हिरव्या खोऱ्यात धावणारी ही गाडी हिंदुस्थानी गाडीसारखी दिसायची, कारण तिचा नमुना बार्शीत आधी पारखला गेला होता. आपल्याकडे यंत्रे नेहमी तिकडून आली असे आपण मानतो. इथे अनुभव इकडून तिकडे गेला.

मॅनिफोल्डची लांबी आठ मैलांच्या थोडी वर. दोन्ही टोकांना मोठे गाव नाही. ही गाडी कुठूनच निघत नाही आणि कुठेच पोचत नाही, असा विनोद तिच्याबद्दल केला जाई. मुख्य माल दूध. तिथे कॅलथ्रॉपने माप बदलण्याची अडचण एका युक्तीने सोडवली होती. मोठ्या मार्गाचा अख्खा डबाच छोट्या गाडीच्या खास वाहनावर चढवायचा, माल हलवायचाच नाही. तरीही मोटारी आल्या, रस्ते सुधारले, १९३२ मध्ये दुधाचा कारखाना बंद झाला आणि १९३४ च्या मार्चमध्ये गाडी थांबली. तीस वर्षेही पुरी झाली नाहीत. पुढे रूळ काढून तिथे पायवाट केली. आज लोक त्या वाटेवर फिरायला जातात.

बार्शी लाईट मात्र शंभर वर्षे चालली. अभियंता तोच, माप तेच, इंजिनाचा कारखाना तोच. फरक खोऱ्यात होता. मॅनिफोल्डच्या मागे एक दूधकारखाना होता, बार्शीच्या मागे अर्धा मराठवाडा होता. रेल्वे गावाला मोठे करते असे आपण सहज म्हणतो. पण रेल्वे जिवंत ठेवायलाही आधी तिथे काहीतरी असावे लागते.

डब्याला डबा

आता आजोबांच्या बिल्ल्याकडे परत येतो. कॅलथ्रॉपच्या गणितात एक खर्च होता, तो त्याने कमी केला, पण संपवला नाही. कुर्डुवाडीला प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते हाताने बदलावे लागे. व्यापाऱ्याच्या वहीत त्याची नोंद तीन प्रकारे व्हायची: हमाली, घट आणि खोळंबा. पोती फाटत, सरकी सांडत, मोठ्या मार्गाचे डबे वेळेवर मिळाले नाहीत तर माल शेडमध्ये पडून राही. मी स्वतः अशा नोंदी जुन्या खतावण्यांत पाहिल्या आहेत. दुकानाच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा. पण तोच आकडा हमालाच्या घरी जमेच्या बाजूला लिहिला जाई.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाईट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. ट्रक वाढले तसा माल हळूहळू रस्त्यावर गेला. माझ्या लहानपणी, सत्तरीच्या दशकात, गाडीत गर्दी असायची ती माणसांची. तिच्या संथपणावर विनोद चालत. घाटात उतरून बोरे तोडावीत आणि शेवटच्या डब्यात चढावे, असे सांगणारे प्रत्येक गावात दोन-चार होते. हसणारेही त्याच गाडीने जात, कारण तिचे तिकीट एस.टी.पेक्षा स्वस्त होते.

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. आधी कुर्डुवाडी ते पंढरपूर, मग २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद, २००८ मध्ये उस्मानाबाद ते कुर्डुवाडी, आणि सर्वांत शेवटी पंढरपूर ते मिरज. जुन्या गाडीने बाजूला ठेवलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, या वेळी मार्गावर आले. त्या दिवसांत मी रुंदीकरणाच्या विरोधात नसलो तरी मनातून खट्टू होतो. एका जुन्या स्टेशनातली हजेरीपुस्तके आणि मालाच्या पावत्या पाहायला मिळाव्यात म्हणून मी एका कचेरीत चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला कळले की ती सारी रद्दीत गेली. शंभर वर्षे कोणी काय उचलले, किती उचलले, त्याचा लेखी पुरावा किलोच्या भावाने गेला होता.

आजोबांचे एक सोबती तेव्हा हयात होते. मी त्यांना म्हणालो, “तात्या, आता माल कुर्डुवाडीला उतरणार नाही. तुम्हाला वाईट वाटत असेल.”

ते म्हणाले, “अरे, पाठ कुणाची मोडली, तुझी का माझी? डब्याला डबा लागला की हमाल घरी बसतो, हे खरं. पण घरी बसून काय खायचं, तेवढं कुणी लिहीत नाही. तू लिही.”

दोन टोके

मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला प्यायला पाणी उरले नाही. सरकारने रेल्वेने पाणी पाठवायचे ठरवले. राजस्थानातल्या कोटा इथे टाक्या धुऊन स्वच्छ केल्या गेल्या, मिरजेला कृष्णेचे पाणी त्यांत भरले गेले, आणि १२ एप्रिलला दहा टाक्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या, एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर. वर्तमानपत्रांत नकाशे छापून आले. मी तो नकाशा पाहिला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मिरज आणि लातूर. कॅलथ्रॉपच्या मार्गाची ही दोन टोके. १९२७ मध्ये पूर्ण झालेल्या वाटेनेच पाणी चालले होते, फक्त रूळ आता रुंद होते.

मी सवयीने हिशेब मांडला. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन. पाच टनी आसाच्या डब्यात बारदान वजा जाता फार तर पंधरा टन धरा. म्हणजे एका खेपेच्या पाण्याला दीडशेहून जास्त डबे लागले असते, आणि तेवढे डबे ओढायला कितीतरी गाड्या. छोट्या गाडीवरच्या माझ्या प्रेमाला त्या उन्हाळ्यात हे उत्तर मिळाले. लातूरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईपुढे मी पाच टनांच्या गणिताचे कौतुक करू शकलो नसतो. रुंदीकरण योग्य होते.

पण हिशेब तिथे संपत नाही. १८९७ मध्ये गाडी आली तेव्हा प्रश्न होता, रूळ की पाटबंधारे. एकशे एकोणीस वर्षांनी रुळांनी पाणी वाहून आणले, याचा अर्थ तो प्रश्न सुटला नाही असाच होतो. कृष्णेच्या खोऱ्यातून मांजरेच्या खोऱ्यात टाक्यांनी पाणी न्यावे लागणे ही रेल्वेची शर्थ आहे, आणि आपल्या नियोजनाची हार. ग. व्यं. जोशींनी दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या असत्या, अशी माझी खात्री आहे.

तात्या आता नाहीत. कुर्डुवाडीला मोठी गाडी दोन-चार मिनिटे थांबते आणि पुढे जाते. माल कोणी उतरवत नाही, चढवत नाही. बार्शीचे ते पहिले एकवीस मैल ओलांडायला आता तासही लागत नाही. पहिले गणित कॅलथ्रॉपचे होते, ते त्याने बरोबर सोडवले. दुसरे रुंदीकरणवाल्यांचे, तेही चुकलेले नाही. या दोन्ही गणितांत ज्यांची पाठ धरली गेली नाही, त्यांच्या नोंदी मी गोळा करतो आहे. आतापर्यंत अकरा घरांतून अकरा बिल्ले पाहायला मिळाले. आकडे सगळ्यांचेच पुसट झाले आहेत. मी ते भिंगातून वाचून वहीत लिहून ठेवतो, आडत दुकानात लिहीत असे तसेच, तारीखवार.